स्वतःचा चेहरा मातीत करताना: जानेवारी ते मेच्या नोंदी

आधी थोडं सांगते म्हंजे पुढचं कळेल. मी बेळगावात शाळेत चित्रकला शिकवते, गणपतीच्या सीझनला शाडूचं काम करते आणि वर्षाला दोन-तीन बस्टच्या (डोकं ते छाती एवढ्या पुतळ्याच्या) ऑर्डरी येतात, त्या बहुतेक कुणाच्यातरी गेलेल्या आजोबांच्या, फोटोवरून. आतापर्यंत सतरा डोकी केली, त्यातल्या बायका फक्त दोन. स्वतःचं एकदाही केलं नव्हतं. हे टेराकोटात, म्हंजे भाजलेल्या मातीत, करायचं ठरवलं, साधारण जिवंत माणसाच्या मापाचं. कुणाला असंच करायचं असेल तर माझ्या चुका परत करू नका म्हणून सगळं लिहून ठेवायला लागले.

१२ जानेवारी

ऑर्डरीच्या कामाला मी गिऱ्हाइकाकडं समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो मागते. आज स्वतःचे शोधायला बसले. आधार कार्ड, शाळेचं ओळखपत्र, लग्नाचा अल्बम, बाकी सगळे ग्रुप फोटो. बाजूनं काढलेला एकही नाही! त्रेचाळीस वर्षांत माझं नाक बाजूनं कसं दिसतं ते मी स्वतः बघितलेलं नाही, आणि दुसऱ्यांची नाकं मात्र मी मिलिमीटरात मोजते. बराच वेळ तशीच बसून राहिले.

बेळगावात पोर्ट्रेट म्हटलं की चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांचं नाव निघतंच, इथं माणूस समोर बसवून काम करायची सवय जुनी आहे. पण समोर बसणारी आणि करणारी एकच असली तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

१८ जानेवारी

माती. खानापूरची माती घ्यायची हे नक्की होतं, तिथं कौलं आणि मडकी पिढ्यान्‌पिढ्या होतात, खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी जुनी संस्थापण तिथंच आहे. ओळखीच्या कुंभारमामांकडून ४० किलो मळलेली माती घेतली, ५०० रुपये, आणायला रिक्षाचे ३५०.

पण माझ्या डोक्यात एक होतं. माझं माहेर निपाणीकडचं, काळी जमीन, तंबाखूची. माझा चेहरा करायचा तर त्यात आमच्या रानातली माती पाहिजेच असं वाटत होतं. मागच्या आठवड्यात जाऊन एक पोतं भरून आणलं. मामा म्हणाले, "काळी माती लई आवळती ताई, नको." मी ऐकलं नाही. चार भाग खानापूरची, एक भाग आमची, अर्धा भाग फुटक्या कौलांचा चुरा. काळी माती वाळवली, वरवंट्यानं कुटली, पिठाच्या चाळणीनं चाळली आणि मळली. दोन दिवस गेले, खांदे भरून आले.

(ही ओळ मागाहून घालते: ह्या जागेवर माझी सगळ्यात मोठी चूक झाली. २३ एप्रिलची नोंद बघा.)

३० जानेवारी

ह्या मिश्रणाची एक पट्टी करून तिच्यावर १० सेंटीमीटरची रेघ मारली होती, ती मामांच्या भट्टीतनं आज भाजून आली. रेघ आता ९ सेंटीमीटर भरते, म्हंजे दहाला एक आवळते. म्हणून माझ्या मापाचं डोकं पाहिजे असेल तर प्रत्येक माप ०.९ नं भागून मोठं करायचं. हनुवटीपासून केसाच्या रेघेपर्यंत माझं १८ आहे, मातीत २० करायचं. तक्ता करून भिंतीला चिकटवला. पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.

२ फेब्रुवारी

आज आई निपाणीहून आली, खास मापं घ्यायला. स्वतःच्या डोक्याची मापं स्वतः घेता येत नाहीत, तसा प्रयत्न करून बघितला होता, कॅलिपरचं (दोन वाकड्या पायांचं मापायचं हत्यार) एक टोक कानावर ठेवलं की दुसरं घसरतं आणि आरशात बघत धरलं की हात उलटा चालतो. लोहाराकडून वाकवून घेतलेला कॅलिपर (२०० रुपये) आईच्या हातात दिला. कसं धरायचं ते सांगायलाच लागलं नाही. तिनं तीस वर्षं विड्या वळल्या, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं, एक सूत इकडचं तिकडं झालं की विडी नापास. तिची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे.

ती मापं सांगत होती, मी लिहीत होते. कान ते कान १४.४. कपाळ, गाल, जबडा झाले. मग मागं गेली आणि थांबली. डोक्यावर तळवा ठेवून म्हणाली, "ह्या अंगाला चपटं हाय की गं अजून. झोळीत एकाच कुशीवर निजायचीस, किती वळवलं तरी परत उजवीकडंच."

माझं डोकं मागून उजवीकडं चपटं आहे. अंबाड्याखाली झाकलं जातं म्हणून मला कधी कळलंच नाही. मी हात लावून बघितला तर खरंच, डावीकडं गोल आणि उजवीकडं तळहात सपाट बसतो.

दुसरं. कान मोजताना तिचं बोट वरच्या पाळीवर फिरलं, "बुगडीचं भोक बुजलं व्हय?" सहावीत असताना टोचलेलं, दहावीला काढून ठेवलं ते परत घातलंच नाही. मागच्या बाजूनं ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ राहिलीय. हे मी पूर्ण विसरले होते. दोन्ही गोष्टी वहीत लाल पेनानं लिहिल्या. सतरा माणसांचे कान मी केले पण एवढ्या जवळून कधी कुणी कान बघितला नव्हता.

८ फेब्रुवारी

आर्मेचर, म्हंजे आतला आधाराचा सांगाडा. प्लायवूडचा बोर्ड, फ्लँज (पाईप बोर्डावर उभा धरायची चकती), पाऊण इंची पाईप, मिळून ६२०. टेराकोटा करायचा असेल तर पाईप शेवटी बाहेर निघायला पाहिजे, नाहीतर माती आवळताना पाईपावर चिरते. म्हणून पाईपावर ओल्या वर्तमानपत्राचे पंधरा-वीस थर गुंडाळले आणि सुतळी बांधली. फिरता स्टँड भंगारातल्या चाकाच्या बेअरिंगवर केला, ३५०, विकतचा घ्यायला गेलं तर फार महाग पडतो.

चूक: तक्ता भिंतीवर असताना पहिल्या दिवशी सवयीनं खरीच मापं लावली. दोन संध्याकाळी काम केल्यावर लक्षात आलं की डोकं लहान व्हायलंय. सगळं पाडलं. चार-पाच तास गेले. आता कॅलिपरलाच कागद बांधलाय, "मोठं करून लाव" असं लिहून.

१६ फेब्रुवारी

आठवडाभर आरसा समोर ठेवून चेहरा बसवत होते. रोज शाळेतनं आल्यावर दोन तास. चांगला जमतोय असं वाटत होतं, ओळखू येत होता. आज शेजारच्या वहिनी दूध द्यायला आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंय, पण चमकी उजवीकडं कधीपासून घालायला लागलीस?"

माझी चमकी डावीकडं आहे. आरशात बघताना माझी डावी बाजू माझ्या डाव्या हातालाच दिसते, मी तशीच्या तशी मातीत डाव्या हाताला केली. पण मातीचं डोकं माझ्याकडं तोंड करून बसलंय, त्याची ती बाजू उजवी! सगळा चेहरा उलटा झालाय. भांगाचा कल, वर चढलेली भुवई, हनुवटीचा खड्डा, सगळंच. चित्रात ह्यानं फारसं बिघडत नाही, पण मागून डोकं आईच्या मापानं उजवीकडं चपटं केलेलं आणि पुढून तोंड आरशाचं, म्हंजे अर्धी मी आणि अर्धी आरशातली.

मला रडूच आलं. आठवडा गेला म्हणून नाही. ओळखीचा वाटत होता तो चेहरा बाहेर कुणीच बघत नाही, तो फक्त मी आणि आरसा बघतो, म्हणून.

उपाय, नीट वाचा कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन सपाट आरसे काटकोनात उभे करायचे (मी दोन घेतले, ९०० रुपये), जोड बरोबर मधे येतो, त्या कोपऱ्यात बघितलं की उलटा न झालेला चेहरा दिसतो. जोडाची रेघ नाकावरनं जाते ती त्रास देते, डोकं थोडं हलवत बघायचं. कोन जरासा चुकला की तोंड बारीक नाहीतर रुंद दिसतं, म्हणून गुण्यानं तपासायचा. शिवाय मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यानं कुणाकडून तरी आठ बाजूंनी फोटो काढून घ्यायचे, सेल्फी नको, सेल्फीत स्क्रीनवर आरशासारखंच दिसतं. माझे फोटो मुलानं काढले. फोटो बघून पहिल्यांदा मला वाटलं ही कोण. उलटा न झालेला चेहरा मला परका वाटतो, आणि घरात बाकी सगळ्यांना तोच ओळखीचा.

चेहरा सगळा काढला. कवटी ठेवली.

२३ फेब्रुवारी

सासूबाईंना सुरुवातीपासून हे आवडलेलं नाही. जिवंत माणसाचा पुतळा करत नसतात, आयुष्य कमी होतं असं त्या म्हणतात. दिवेलागणीला त्या येऊन त्याच्यावर ओलं फडकं टाकतात. फडकं तसंही टाकायलाच लागतं, माती सुकू नये म्हणून, त्यामुळं मी काही बोलले नाही.

ह्या आठवड्यात शाळेचं ट्रेनिंग होतं, मी तीन दिवस सकाळी जाऊन रात्री येत होते. परत येऊन फडकं काढलं तर डावा कान खाली लोंबलेला. मी नाही बघून माती वाळेल म्हणून त्यांनी तांब्यानं पाणी घातलं होतं, रोज दोनदा. ज्या पुतळ्याकडं त्या बघत नव्हत्या त्याला पाणी घालत होत्या. त्यांना स्प्रेची बाटली दाखवली, चार वेळा दाबायचं एवढंच. "एवढ्यानं भागतंय व्हय?" म्हणाल्या. आता नेमानं घालतात.

कान नवीन केला. बुगडीची गाठ मागून केली, ज्वारीचा खरा दाणा शेजारी ठेवून.

९ मार्च

पदर. मी आधी खांद्यावरनं पदर घेतला होता आणि डोक्यापर्यंत न्यायचा विचार होता. आपल्याकडं बाईचा पुतळा म्हटलं की राणी चन्नम्मा नाहीतर जिजाऊ, चौकात उंच बसवलेल्या, आणि घरातल्या बाईचा म्हटलं की पदर घेतलेली, खाली बघणारी. ऑर्डरीच्या दोन्ही बायका मी तशाच केल्या होत्या, घरच्यांनी तसंच मागितलं म्हणून. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी, देवळाला निघालेल्या बाईचा पुतळा, १८९६ ची, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना केलेली, ती मला फार आवडते, लुगड्याच्या चुण्या बघत मी माती शिकले. पण तिच्याकडं बघताना मी नेहमी बघणाऱ्याच्या जागेवर असते. इथं मला त्या जागेवरनं उठायचं होतं.

तीन दिवस पदर घातला, काढला, परत घातला. शेवटी काढला. मान उघडी, अंबाडा नाही, केस मागं ओढून घेतलेले, कारण अंबाडा केला की चपटी बाजू झाकते. ती झाकायची नाही हे ठरल्यावर बाकीचं आपोआप ठरलं.

भाव कुठला घ्यायचा हा प्रश्न मात्र सुटत नव्हता. फोटोसाठी बसले की मी ओठ आवळते. आरशात बघते तेव्हा डोळे बारीक करते, तो मोजणारीचा चेहरा. जर्मन शिल्पकार केथे कोलविट्झनं आयुष्यभर स्वतःचे चेहरे काढले आणि स्वतःचं एक डोकं १९२६ ते १९३६ अशी दहा वर्षं करत राहिली. मला पूर्वी प्रश्न पडायचा की एवढा वेळ कशात जातो. आता समजतंय. शेवटी मोजणारीचाच चेहरा ठेवला, डोळे जरा बारीक, डावी भुवई वर. काम करताना मी अशी दिसते असं मुलगा म्हणाला.

१५ मार्च

पोकळ करायचा दिवस. माती चामड्यासारखी कडक झाली की करायचं, अंगठा दाबला तर ठसा उमटावा पण बोट आत जाऊ नये. तारेनं कपाळाच्या वरून कवटीची टोपी कापली, पाईप फिरवत वर काढला (कागदाच्या थरांमुळं सुटला, नाहीतर अडकला असता) आणि आतून चमच्यानं कोरत दोन सेंटीमीटर जाडी ठेवली. टाचणी टोचून जाडी तपासत जायचं. नाकाच्या मागं आणि हनुवटीत माती जास्त राहते, तिथं विसरू नका. नाकपुड्या आतपर्यंत भोक पाडून सोडल्या, वाफेला वाट. टोपी परत बसवताना दोन्ही कडांवर रेघा ओढून पातळ माती लावली.

आत हात घालून स्वतःच्या तोंडाला मागच्या बाजूनं हात लावला. डोळ्यांच्या जागी उंचवटे नसून खळगे लागतात. त्यावर जास्त काही लिहिता येत नाही मला.

आतल्या बाजूला नाव कोरलं, मराठीत आणि कन्नडात. दोन्हीत माझ्या सह्या आहेत. कन्नडातलं जास्त सफाईनं आलं कारण हजेरीपटावर रोज तेच लिहिते, मराठीतलं लहानपणीच्या वळणाचं आलं.

६ एप्रिल

तीन आठवडे वाळवण. पहिला आठवडा प्लास्टिकखाली, मग रोज थोडं थोडं उघडायचं. कान आणि नाक आधी वाळतात म्हणून त्यांना ओल्या चिंध्या गुंडाळल्या. तरी मानेच्या तळाशी एक चीर गेली, बोटभर लांब, तिथं मी पाच सेंटीमीटर जाडी सोडली होती आळसानं. खालून अजून कोरलं, चिरेत व्हिनेगर घातलेली माती भरली. बाहेरून दिसत नाही.

परवा वळीव आला, पत्र्याची शेड गळली, वाळलेल्या खांद्यावर दहा-बारा थेंब पडले. खड्डे पडले तसे. ते ठेवलेत.

१३ एप्रिल

खानापूर. पुतळा मांडीवर गादीत गुंडाळून, भाड्याची गाडी घेतली नाही, भाचा त्याच्या गाडीनं सोडून आला. २६ किलोमीटर, प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून.

मामांनी रात्रभर नुसती धुरी दिली, हात धरवेल एवढीच ऊब. ह्यात घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होऊन डोकं फुटतं. सकाळी हळूहळू जाळ वाढवला, दुपारी आतली मडकी गडद लाल, संध्याकाळी नारिंगी. मग तोंड बंद केलं. लाकूड आणि भट्टीचं मिळून १८००.

१५ एप्रिल

उघडलं. सलग आहे! टण्ण वाजतं. उजव्या गालावर धुराचा काळा ढग उमटलाय, जाळाच्या बाजूचा. कान ते कान १४.५, एक मिलिमीटरचा फरक. मामांच्या बायकोनं लांबूनच बघितलं आणि कन्नडात म्हणाल्या, तूच आहेस की. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

२३ एप्रिल

सकाळी शेडमध्ये गेले तर स्टँडवर खपली पडलेली. डाव्या गालावरनं उडालीय, चार आण्याच्या नाण्याएवढी, आणि खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका. दुपारपर्यंत कपाळावर अजून एक.

मामांना फोन केला. ऐकल्या ऐकल्या म्हणाले, चुनखडी. आमच्या काळ्या रानात चुनखडीचे बारीक खडे असतात. मी ते वरवंट्यानं कुटले आणि पिठाच्या चाळणीतनं गाळले, म्हंजे रव्याएवढे कण मातीत मळून टाकले. भट्टीत त्याची कळी, म्हंजे कळीचा चुना, होते, मग हवेतला ओलावा घेऊन ती फुगते आणि वरची खपली उडवते. पिठासारखी बारीक पूड असती तर एवढं झालं नसतं, मोठे खडे असते तर हाताला लागले असते.

ड्रॉवरमधली पट्टी काढली. तिच्यावर दोन खड्डे, पांढऱ्या ठिपक्यांचे. तीन महिने तिथं पडून होती, मी एकदा आकडा वाचला आणि परत बघितली नाही. चाचणीची पट्टी भाजून झाल्यावर निदान दोन-तीन आठवडे डोळ्यासमोर ठेवा. ह्या सगळ्या नोंदींतलं एवढं एक घेतलं तरी चालेल.

मामांनी सांगितल्याप्रमाणं पुतळा पाण्यात बुडवून ठेवला, भट्टीतनं निघाल्या निघाल्या बुडवायचा असतो, चुना पाण्यात विरतो. मी आठ दिवस उशीर केला. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं पुरेना, सासूबाईंनी धुण्याची टाकी रिकामी करून दिली. पाण्यात माझं तोंड वर करून ठेवलेलं बघून त्यांनी नजर काढली, मीठ-मोहरी ओवाळून. मी उभी राहिले, त्यांनी माझी पण काढली.

२ मे

बुडवल्यानंतर फक्त एक खपली उडाली, मानेवर. आठवडा झाला, नवीन नाही. खड्डे एपॉक्सीनं भरता येतात, गिऱ्हाइकाचं असतं तर भरले असते. ह्यातले नाही भरले, नुसता पांढरा ठिपका टाचणीनं कोरून काढला म्हंजे परत फुगणार नाही.

आई आली होती. पुढून फार वेळ बघितलं नाही तिनं, सरळ मागं गेली आणि चपट्या बाजूवर तळवा ठेवला. मग कानामागं बोट नेलं, गाठ चाचपली. गालाच्या खड्ड्याला हात लावून विचारलं, "हे काय?" म्हटलं आपल्या रानातली चुनखडी. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली.

हिशोब: माती ५००, रिक्षा ३५०, बोर्ड-पाईप ६२०, आरसे ९००, कॅलिपर २००, बेअरिंग ३५०, भट्टी १८००, बसचे ७६०, एकूण ५,४८०. वेळ साधारण १४० तास, त्यातले पस्तीसेक वाया, उलट्या चेहऱ्याचे सगळ्यात जास्त.

दुसरं करतेय. निपाणीची माती ह्याही वेळी घालणार, पण कुटायची नाही, भरपूर पाण्यात कालवून रबडीसारखी पातळ करायची, खडे खाली बसू द्यायचे आणि वरचं ६० नंबरच्या (इंचाला ६० भोकं) जाळीतनं गाळून घ्यायचं. काल दोन बादल्या भिजत घातल्या. आज सकाळी हलवून बघितलं तर तळाला बोटभर पांढरट कच साठलीय.